पंधरावा आकडा

मु. पो. नांदरवाडी, ता. वाळवा
२८ ऑगस्ट २०२५, उत्तम क्षमा

चि. सौ. ब्राह्मीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकली असशील. माझ्याकडून दरवर्षी येतं ते क्षमावाणीचं छापील कार्ड, तेही पर्युषण पर्व संपल्यावर. यंदा पर्वाच्या पहिल्याच दिवशी बंद पाकीट, म्हणजे म्हातारा गेला की काय असं वाटलं असेल. मी आहे. दमलोय, पण आहे.

उजवा डोळा काचबिंदूनं गेला. डाव्याची हमी इस्लामपूरचे डॉक्टर देत नाहीत. ओळी उताराला लागल्या तर हसू नकोस, जन्मभर पोरांच्या वह्यांत सरळ ओळीचे मार्क कापले, त्याची फेड चालू आहे.

कामाचं लिहितो. आपल्या बस्ती-मंदिराचा सभामंडप उतरवून नवा बांधतायत. मानस्तंभासमोरची संगमरवरी फरशी त्यात निघणार. कुठली फरशी ते तुला सांगायला नको, तरी सांगतो, मास्तरची खोड आहे. ग्रंथात जगातल्या एकूण मनुष्यांची संख्या दिलीय ती. दोनाची दुप्पट, तिची दुप्पट, असं करत दोन हा आकडा शहाण्णव वेळा गुणायचा. येते ती संख्या एकोणतीस आकडी. आपल्या लोकांनी अशा संख्येला मोजायची वेगळीच तऱ्हा काढली होती, ती किती वेळा निम्मी होते ते बघायचं. त्याला अर्धच्छेद म्हणतात. ही शहाण्णव वेळा निम्मी होते, मध्ये कुठंही अडत नाही आणि शेवटी एक उरतो. क्षमावाणीच्या दिवशी एवढ्या सगळ्या माणसांची क्षमा मागतो हे लोकांच्या डोळ्यांसमोर असावं, म्हणून मी ती फरशी बसवली. तिच्यावर असं कोरलंय:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,४३,७५,९३,५४,३९,५०,३३६

आणि खाली बारीक अक्षरात, अंकलेखन : कु. ब्राह्मी मदन मगदूम.

काल कमिटीचे नानासो आले होते. म्हणाले, "गुरुजी, नवी फरशी करायची. आकडा चुकलाय त्यो सुधारू. आन लेकीचं नाव बी काढून टाकू, कशाला उगंच तिची चूक दगडात ऱ्हावी?"

मी विचारून सांगतो म्हणालो. तर विचारतोय. नाव काढायचं की ठेवायचं? क्षमावाणीनंतर मिरजेच्या कारागिराला कागद द्यायचा आहे. चूक कोणाची, कशी, हे सतरा वर्षांनी उकरण्यात काही अर्थ नाही. एक ओळ लिहिलीस तरी पुरे.

उदयसिंहरावांची बदली झाली का? फौजेतल्या माणसाचं काही खरं नसतं. शिवांजली चौथीत गेली असेल.

आण्णा

३० ऑगस्ट २०२५, उत्तम आर्जव

चि. ब्राह्मी,

पहिलं पत्र पोचलंही नसेल, तोवर दुसरं लिहितोय. आज आर्जवाचा दिवस. मनात एक आणि जिभेवर एक असू नये, असं सकाळी प्रवचनात ऐकलं आणि घरी येऊन जेवण गेलं नाही. मागच्या पत्रात मी "कोणाची चूक हे उकरण्यात अर्थ नाही" असं लिहिलंय. हे वाक्य चोराच्या तोंडचं आहे. चोराशिवाय दुसऱ्या कोणाला ते सुचत नाही.

तर उकरतो.

मी सव्वीस वर्षांचा होतो. नोकरी नवी, लग्न नवं. तो आकडा ग्रंथातून उतरवून घ्यायचा नाही, आपण स्वतः काढायचा, असा हट्ट धरला. चातुर्मासात रोज शाळा सुटल्यावर एक दुप्पट, त्यापेक्षा जास्त करायची नाही. शहाण्णवावी दुप्पट केली त्या दिवशी घरात पाहुणे होते, तुझी आई दोनदा हाका मारून गेली होती. मी घाई केली. पंधराव्या घरात एकाचे दोन झाले, हातचा एक मिळवून तीन. मग बाहेर जाऊन आलो, पाट ओढला आणि तोच हातचा पुन्हा मिळवला. चार. दुपटीत हातचा एकाच्या वर कधी जात नाही हे मी पुढं दुसरीच्या पोरांनाही शिकवलं.

तेवढ्यावर सुटलो असतो. पण मी सगळ्या आकड्यांची बेरीज केली, ती आली एकशे अठ्ठावीस. एकशे अठ्ठावीस म्हणजे दोन सात वेळा! दुपटीतून जन्मलेल्या संख्येच्या आकड्यांची बेरीजही दुपटीतलीच! मी उठून नाचलो गं. तुझी आई म्हणाली, "आवं, पावनं काय म्हणतील?" तिला पाहुण्यांसमोर पाटावर बसवून बेरीज करायला लावली.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं प्रत्येक वर्गाला मी ही गंमत दाखवली. इस्लामपूरला शिक्षकांच्या संमेलनात दाखवली. लोक मला एकशे अठ्ठावीसवाले मगदूम गुरुजी म्हणत. नवाचा ताळा मात्र मी कधी करून बघितला नाही. दोनाच्या दुपटींचा ताळा दोन, चार, आठ, सात, पाच, एक असा फिरतो, दर सहाव्या दुपटीला एक. शहाण्णव म्हणजे सहा सोळे, तेव्हा ताळा एकच यायला हवा. एक, दोन, आठ मिळून अकरा आणि अकराचे दोन, म्हणजे एकशे अठ्ठावीसचा दोन येतो. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि ज्यानं हजारो पोरांना ताळ्याशिवाय वही पुढं आणू नका म्हणून दटावलं त्यानं ते केलं नाही. खरी बेरीज एकशे सत्तावीस आहे, एकानं हुकलेली. तिच्यावर कोणी नाचत नाही.

तुझं नाव मी हौसेनं ठेवलं होतं. भगवंतांनी आपल्या थोरल्या लेकीला, ब्राह्मीला, अक्षरं शिकवली आणि धाकट्या सुंदरीला अंक. मला वाटलं मुलीचं अक्षर देखणं व्हावं. ते झालंच, पण अंकही तूच उचललेस. सहा वर्षांची होतीस, आई भाकरी थापायची आणि तू शेजारी पाटीवर दुपटी करायचीस. एकदा वीस दुपटी करून दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तरवर आलीस आणि पाटीवरची जागा संपली म्हणून रडलीस. मी तुला मोठी पाटी आणली होती. ती अजून माळ्यावर आहे.

आज एवढंच जमतंय. उरलेलं लिहायला हात उचलत नाही.

आण्णा

४ सप्टेंबर २०२५

ब्राह्मी,

पाच दिवस टाळलं. बस्तीत जातो, येतो, पडून राहतो. तुझं उत्तर नाही, ते मी धरूनच चाललो होतो.

फरशीचा कागद कारागिराला द्यायच्या दोन दिवस आधी तू खाटेवर बसून माझा आकडा निम्मा करत होतीस. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, पुण्याला एमएस्सीला जायचं ठरलेलं. चौदा वेळा बिनबोभाट निम्मं झालं आणि पंधराव्याला विषम आकडा आला. तू आत येऊन म्हणालीस, "आण्णा, पंधरावा आकडा चुकलाय. ज्या घरात चूक असती त्याच पायरीला अडतंय. ताळा पण एकानं जास्त येतोय. चार नाही, तीन पाहिजे."

हे मी कोणाकडून शिकलो नव्हतो. चूक ज्या घरात, अडतं त्याच पायरीला. मी दुपटी करत गेलो, तू उलटी निघालीस आणि माझी चूक बरोबर घरात जाऊन पकडलीस. दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर मी पेढे वाटले असते.

मी म्हणालो, "तू तुझं अक्षर बघ. गणित माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

तू कागदावर तीन लिहिला होतास. मी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर तुला चार लिहायला लावला. तू लिहिलास. इतक्या वळणदार हातानं लिहिलास की मला वाटलं तुला पटलं.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. तू कॉलेजला गेल्यावर मी पाटी घेतली आणि करून बघितलं. दुपारच्या जेवणाआधी मला कळलं होतं की तुझंच बरोबर आहे. कागद घरातच होता. चाराचा तीन करायला किती वेळ लागतो? पण तीन केला की एकशे अठ्ठावीस जात होते. माझ्यापाशी दुसरं काय होतं, ब्राह्मी? जमीन भावांनी बघितली, नोकरी साधी मास्तरची. माझ्या नावाची तेवढी एकच गोष्ट होती. वाटलं, कोण मोजायला बसणार आहे, दगडावरचं लोक हात जोडून वाचतात.

पण समारंभाला हुबळीकडचे पंडितजी आले होते आणि त्यांना तो आकडा तोंडपाठ होता. फरशीवरचा पडदा काढला. ते एकेका आकड्यावर बोट ठेवत म्हणत गेले, आणि मधोमध बोट थांबलं. दोन्हीकडून पंधरावा. चारशे माणूस. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मुलीच्या हातून उतरवताना झालं."

तू पोरींच्या रांगेत कलश घेऊन उभी होतीस. तू रडली नाहीस. माझ्याकडं बघितलंस. मी पंडितजींच्या पायांकडं बघत होतो.

पुढच्या महिन्यात समाजाची शिष्यवृत्तीची बैठक होती. तुझ्या अर्जावर कुणीतरी म्हणालं, जिला बघून आकडा उतरवता येत नाही ती पुण्यात गणित काय करणार. सगळे हसले. मी त्या बैठकीत होतो. मी चहा पीत होतो. तू मोजणी खात्याची परीक्षा दिलीस आणि साताऱ्याला गेलीस. लोकांच्या बांधांची मोजणी करतेस. लग्नाचं मला पत्रानं कळलं. आई गेली त्या वेळी आलीस, तीन दिवस राहिलीस आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलीस. मी गावात सांगत आलो की मुलीनं जातीबाहेर केलं म्हणून आमचं बोलणं नाही. ते ऐकायला बरं पडायचं.

आई दरवर्षी म्हणायची, "आवं, पाचशे कार्डं छापता. लेकीचं एक तरी हातानं लिवा की." मी पत्ता हातानं लिहायचो. २०१२ साली ते कार्ड परत आलं. "कळत नकळत माझ्याकडून काही चूक झाली असल्यास" यातला "नकळत" तू तांबड्या शाईनं खोडला होतास. तेवढंच, बाकी एक अक्षर नाही. ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि पुढची बारा वर्षंही मी तुला तेच छापील कार्ड पाठवत राहिलो.

मला लाज वाटते. इतकी वर्षं वाटते. लाजेनंही माणूस थकतो हे मला आधी माहीत नव्हतं.

सोमवारी क्षमावाणी आहे. त्या दिवशी बोलणार आहे, चारचौघांत. तुला येण्याचा आग्रह नाही.

आण्णा

८ सप्टेंबर २०२५, क्षमावाणी

ब्राह्मी,

झालं. कसं झालं ते लिहितो.

अभिषेक, पूजा, सगळं आटोपलं. लोक एकमेकांना हात जोडून क्षमा मागत होते, लगबगीनं, जेवणाची पंगत लागली होती ना. मी नानासोंकडून माइक मागितला. ते म्हणाले, "गुरुजी, थोडक्यात. भात निवतोय."

मी थोडक्यात सांगितलं. फरशीवरची चूक माझी, मुलीनं ती आधीच पकडली होती, मी तिला चुकीचा आकडा लिहायला लावला आणि मग तिच्यावर ढकललं. वाटलं, कोणीतरी शिव्या देईल. वाटलं, निदान कुणाच्या तोंडून अरेरे निघेल.

कोणी छताकडं बघतंय, कोणी पोराची टोपी सारखी करतंय. मग बायकांतून भामाबाई उठल्या, आईची मैत्रीण, आता नव्वदीच्या आहेत. म्हणाल्या, "मास्तर, आमाला ठावं हाय त्ये. तुमच्या राजमतीनं कवाच सांगितलं हुतं. फरशी बसली त्याच साली."

मला काही कळेना. नानासो खाली बघून म्हणाले, "व्हय गुरुजी. तसं म्हाईत हुतं समद्यास्नी. तुमचा मान ऱ्हावा म्हणून कुणी बोललं न्हाई."

ऐकलंस? सगळ्या गावाला माहीत होतं. शिष्यवृत्तीच्या बैठकीत जे हसले त्यांनाही. माझी अब्रू राखायला चारशे माणसं सतरा वर्षं गप्प बसली आणि किंमत तू एकटीनं भरलीस. मला वाटत होतं माझं पाप मी एकटा ओढतोय. त्यातही गर्वच होता.

भामाबाईंना मी विचारलं, मग तुम्ही मला का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "तुमी कुटं कुणाचं ऐकत हुता?"

मग जेवायला वाढलं. मी बसलो, उठून आलो असतो तर पुन्हा सगळ्यांना माझ्यामागं यावं लागलं असतं. दोन घास खाल्ले.

हात धुताना नानासो म्हणाले, "मग फरशीचं कसं करू? आकडा मोबाईलवर मिळतोय गुरुजी. अक्षर बी छान छान येतंय त्यात." मी नको म्हणालो. मी लिहायला बसलो होतो, पण एका डोळ्यानं तीन आणि चार सारखेच दिसतायत. दोनदा लिहिलं, दोनदा खात्री वाटेना. या वयाला हाच आकडा पुन्हा चुकवून जायचं नाही मला.

म्हणून विचारतो. तू लिहून देशील? नाव घालायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही म्हणालीस तर मोबाईलवरचा बसेल, आणि फरशीवर कोणाचंच नाव असणार नाही, माझंही नाही. हे मी नानासोंना लिहून दिलंय.

आज छापील कार्डं टाकली. चारशे नव्व्याण्णव. तुझं टाकलं नाही. तुझी क्षमा मागतो, ब्राह्मी. जे केलं ते कळून केलं.

आण्णा

सातारा
२४ सप्टेंबर २०२५

आण्णा,

चारही पत्रं पोचली. पहिलं वाचून फाडलं. दुसरं वाचून पहिल्याचे तुकडे शोधले.

आई सगळ्यांना सांगून बसली होती हे मला माहीत होतं. तिनंच मला फोनवर सांगितलं होतं, त्याच साली. म्हणून तर मी परत आले नाही. तुम्ही एकटे खोटं बोलला असता तर मी एकदा येऊन भांडले असते. सगळं गाव मिळून गप्प बसल्यावर कुणाशी भांडायचं?

आकडा सोबत पाठवतेय. आमच्या मोजणीच्या चौकटीच्या कागदावर लिहिलाय, एका घरात एक, म्हणजे कारागिराला घोटाळा व्हायला नको. लिहून झाल्यावर शहाण्णव वेळा निम्मा करून बघितला. शेवटी एक उरला. तुम्हीही कुणाकडून तरी ताळा करून घ्या, माझ्यावर सोडू नका.

नाव ठेवा. आधी होतं त्याच जागी, त्याच मापाचं. कुमारी काढा, सौभाग्यवती घालू नका, नुसतं ब्राह्मी मदन मगदूम. सतरा वर्षं ते चुकीच्या आकड्याखाली होतं, आता बरोबरच्या खाली राहू दे.

क्षमेचं मला अजून जमत नाही. जमलं तर कळवीन. छापील कार्ड पाठवू नका.

मी एवढ्यात येणार नाही. शिवांजलीला दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस पाठवते, हे तिला सोडून जातील. गणिताची आवड आहे, माझ्यापेक्षा जास्त चिकट आहे. माळ्यावरची मोठी पाटी पुसून ठेवा आणि तिला दुपटी करू द्या. डोळ्यांनी दिसणार नाही तर तिला मोठ्यानं म्हणायला सांगा. फक्त एक करा. मध्येच कुठं ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, हे चुकलंय," तर तिचं ऐका.

ब्राह्मी